हलवायाच्या घरावर तुळशीपत्र आणि दोन बीव्हर

हडसन्स बे कंपनी, म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी फरच्या व्यापारासाठी निघालेली आणि पुढे इथली दुकानांची साखळी झालेली कंपनी, तिची शेवटची दुकानं १ जून २०२५ला बंद झाली, आणि तेव्हापासून इथे कॅनडात ती कंपनी बरी की वाईट हा एकच वाद मी इतक्यांदा ऐकलाय की आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. परवा आमच्या मराठी मंडळींच्या जेवणात पुन्हा तेच झालं. एक काका आहेत, तीस वर्षं झाली त्यांना इथे येऊन, पहिला हिवाळी कोट त्याच दुकानातून घेतलेला, त्यामुळे दुकान गेल्याचं त्यांना मनापासून वाईट वाटलंय. ते म्हणाले, "अगं, ती काय ईस्ट इंडिया कंपनी होती का? लढाया नाहीत, तोफा नाहीत, ब्लँकेट द्यायचं आणि कातडी घ्यायची, साधा धंदा होता तो." त्यांची पुतणी युनिव्हर्सिटीत शिकते, ती उसळून म्हणाली, "काका, कंपनीचा गव्हर्नर जॉर्ज सिम्पसन काय माणूस होता ते वाचलंय का तुम्ही?" आणि मग दीड तास सिम्पसन कसा होता, त्याच्या हाताखालचे कसे होते, कोण चांगला कोण वाईट, ह्यावरच सगळं गेलं. दोघंही तळमळीने बोलत होते. पण मला वाटतं दोघंही चुकीच्या जागी खणत होते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ह्या कंपनीच्या फरच्या व्यापारावर जेवढा राग काढला जातो तेवढ्याला तो व्यापार पात्र नाही, आणि तिच्या जमिनीच्या कागदाकडे जेवढं बघायला हवं तेवढं कोणी बघत नाही. खरा अन्याय त्या कागदात आहे. आणि तो कागद कंपनीच्या भल्या गव्हर्नरने वापरला आणि बुऱ्यानेही वापरला, निकाल दोन्हीकडे एकच लागला, म्हणून माणसं तोलत बसण्यात हाती काही लागत नाही.

तर तो कागद. २ मे १६७० रोजी इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स ह्याने आपला चुलत... म्हणजे आतेभाऊ प्रिन्स रुपर्ट आणि त्याच्या सोबतच्या भागीदारांना सनद दिली. हडसन उपसागराला ज्या ज्या नद्या येऊन मिळतात त्या सगळ्या नद्यांच्या खोऱ्यातली जमीन तुमची, "खरे आणि निर्विवाद मालक" तुम्ही, तिथला व्यापार तुमचा, कायदे तुम्ही करायचे. त्या मुलखाला नाव पडलं रुपर्ट्स लँड. ती जमीन किती आहे हे सनद देणाऱ्याला माहीत नव्हतं आणि घेणाऱ्यालाही नव्हतं. नंतर हिशोब लागला तो साधारण ३९ लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे आजच्या अख्ख्या भारतापेक्षा मोठा मुलूख. आणि हे सगळं कशाच्या जोरावर? रॅडिसन आणि ग्रोझेलिए ह्या दोन फ्रेंच व्यापाऱ्यांच्या सांगण्यावरून नॉनसच नावाचं एक छोटं जहाज १६६८मध्ये निघालं, जेम्स उपसागराच्या काठी एक हिवाळा राहिलं, आणि १६६९च्या शरदात फर घेऊन लंडनला परत आलं. बस. एक जहाज, एक हिवाळा. बदल्यात राजाला खंड काय द्यायचा, तर राजा किंवा त्याचा वारस त्या मुलखात पाऊल टाकेल तेव्हा दोन एल्क, म्हणजे मोठी हरणं, आणि दोन काळे बीव्हर, म्हणजे ज्याच्या कातडीसाठी हा सगळा व्यापार चालायचा तो प्राणी. हा खंड आजवर चारदा दिला गेला, १९२७, १९३९, १९५९ आणि १९७०ला. शेवटच्या वेळी तर जिवंत बीव्हर आणले होते.

आपल्याकडे ह्याला नेमकी म्हण आहे, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. जे आपलं नाहीच ते दान करून मोकळं व्हायचं. आणि मराठी माणसाला तर हा राजा अनोळखी नसावा, कारण ह्याच चार्ल्सने दोनच वर्षं आधी, मार्च १६६८ला, मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली, वर्षाला १० पौंड सोन्याच्या नाण्यांत घेऊन. दोन्ही सनदांत एक शब्दप्रयोग सारखा आहे तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थबकलेच. मुंबई बेट आणि हडसन उपसागराचं खोरं, दोन्ही कायद्याच्या भाषेत केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रीनिच नावाच्या एका जहागिरीचा भाग असल्यासारखी दिलेली आहेत. माहीमचा कोळी आणि जेम्स उपसागराकाठचा, तिथल्या मूळ लोकांपैकी क्री जमातीचा शिकारी, दोघांच्या पायाखालची जमीन लंडनमधल्या एका कारकुनाच्या लेखणीने ग्रीनिचच्या दप्तरात गेली. फरक एवढाच की मुंबई निदान पोर्तुगीजांकडून लग्नाच्या तहात चार्ल्सकडे आली होती, म्हणजे आधीच्या एका ताबेदाराचा कागद तरी होता. रुपर्ट्स लँडच्या सातबाऱ्यावर चार्ल्सचं नाव कधी चढलं, कोणत्या फेरफाराने? कोणाकडून घेतली त्याने ती? ह्याचं उत्तर कोणाकडेच नाही.

आता काकांच्या बाजूचं जे सगळ्यात भक्कम आहे ते मी मान्य करते, आणि नुसतं तोंडदेखलं नाही. पहिली दीडशे वर्षं हा व्यापार लुटालूट नव्हता. कंपनीची माणसं मूठभर, उपसागराच्या काठावरच्या वखारींत थंडीने आखडलेली, त्यांना मांस, हंस, बर्फात चालायचे जोडे सगळं आसपासच्या क्री लोकांकडून मिळायचं, ते नसते तर ही माणसं एक हिवाळा तगली नसती. आणि गिऱ्हाईक म्हणून हे लोक भोळे अजिबात नव्हते. बंदुकीचा चाप थंडीत तडकला, किटली पातळ निघाली, कापडाचा रंग आवडला नाही, की ते तोंडावर सांगायचे आणि माल नाकारायचे, आणि वखारवाले ती तक्रार लंडनला कळवायचे. फ्रेंच जवळ आले की दोघांना एकमेकांविरुद्ध खेळवून भाव वाढवून घ्यायचे. हिशोबाचं नाणं होतं 'मेड बीव्हर', म्हणजे एका उत्तम बीव्हरच्या कातडीची किंमत, आणि बंदूक घ्यायची तर तशी दहाच्या वर कातडी मोजावी लागत.

त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. युरोपातल्या टोपीवाल्यांना सगळ्यात जास्त हवी असायची ती वापरलेली कातडी. बीव्हरला दोन थरांची लव असते, वर लांब राठ केस आणि खाली मऊ दाट लोकर, आणि टोपीचा नमदा होतो तो खालच्या लोकरीचा. क्री माणसं अनेक कातडी एकत्र शिवून त्याचा झगा करायची आणि केसांची बाजू अंगाला लागेल असा तो एक-दोन हिवाळे घालायची. अंगाच्या घामाने आणि घासण्याने राठ केस आपोआप गळून जायचे आणि उरायची ती नुसती मऊ तुकतुकीत लोकर. म्हणजे लंडनमधल्या साहेबाच्या डोक्यावरच्या टोपीचं अर्धं काम कुणा क्री बाईने किंवा पुरुषाने अंगावर घालून केलेलं असायचं. जुना झगा द्यायचा आणि नवी किटली, सुरी, ब्लँकेट घ्यायचं, ह्यात फसला कोण? मला तरी कोणी फसलेलं दिसत नाही.

माणसंही दिसतात ह्या इतिहासात, नुसते बळी नाहीत. थानाडेल्थुर नावाची, डेने ह्या दुसऱ्या मूळ जमातीची एक तरुणी, क्री लोकांच्या कैदेतून सुटून १७१४मध्ये यॉर्क फॅक्टरी ह्या कंपनीच्या वखारीतल्या लोकांपर्यंत पोचली, आणि तिथला गव्हर्नर जेम्स नाइट ह्याच्या मोहिमेत तिने क्री आणि डेने ह्यांच्यात समेट घडवून आणला, दोन्हीकडच्यांना बोलून बोलून घसा बसेपर्यंत. १७१७च्या फेब्रुवारीत ती आजारपणात गेली तेव्हा नाइटने तिच्याबद्दल फार आदराने लिहून ठेवलंय. आणि १८३७ला मैदानी प्रदेशात देवीची साथ आली तेव्हा फोर्ट पेलीचा विल्यम टॉड ह्याने लस टोचायला सुरुवात केली, स्थानिक लोकांना टोचायला शिकवलं, त्यामुळे त्या भागात खूप जीव वाचले. हे खरं आहे, हे सांगायलाच हवं. दारू पाजून व्यापार केला, विशेषतः नॉर्थ वेस्ट कंपनी ह्या प्रतिस्पर्ध्याशी चढाओढ होती त्या काळात, १८२१ला दोन्ही कंपन्या एक होईपर्यंत, तेही तितकंच खरं.

पण काका, व्यापार बरा होता म्हणून जमीन तुमची होत नाही ना. माझा सगळा मुद्दा इथे आहे. आपल्या रामचंद्रपंत अमात्यांना हा फरक अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच स्वच्छ कळलेला होता. आज्ञापत्रात त्यांनी टोपीकरांबद्दल बजावलंय की हे बाकीच्या सावकारांसारखे सावकार नाहीत, ह्यांच्या प्रत्येकाच्या पाठीशी एक राज्य आहे, त्यांना व्यापार करू द्यावा पण जागेच्या बाबतीत जपून राहावं, समुद्रकाठी तर जागा देऊच नये. व्यापाराला हो, जागेला नाही. क्री लोकांचं वागणं बघितलं तर त्यांच्याही मनात हेच असावं असं मला वाटतं. दर वर्षी नावा घेऊन आले की आधी भेटवस्तू, मग चिलीम, टोळीच्या म्होरक्याला कोट आणि टोपी, आणि हे सगळं झाल्यावरच देवघेव. मालकाच्या दारात आलेल्या पाहुण्याने मान राखावा तसं. वखारीला जागा दिली होती त्यांनी, खोरं दिलं नव्हतं. आणि त्यांना कल्पनाही नव्हती की लंडनमधल्या एका पेटीत एक कागद आहे आणि त्यात ते स्वतःच्याच जमिनीवर पाहुणे आहेत.

आता पुतणीकडे वळते, कारण तिचा राग मला समजतो. सिम्पसन १८२१पासून १८६०ला मरेपर्यंत ह्या मुलखावर हुकूम चालवत होता. १८२२च्या एका पत्रात त्याने लिहिलंय की इंडियन (म्हणजे तिथल्या मूळ) लोकांना लोखंडी दंडुक्याने वठणीवर ठेवायला हवं आणि त्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे आपल्यावाचून त्यांचं चालत नाही हे त्यांना जाणवू देणं. मार्गारेट टेलर ही त्याच्या मुलांची आई, तिला सोडून १८३०मध्ये त्याने लंडनच्या आपल्या चुलतबहिणीशी लग्न केलं आणि तिला बोटीत बसवून त्याच मुलखात घेऊन आला. स्नेक नदीच्या खोऱ्यात अमेरिकन व्यापाऱ्यांनी येऊ नये म्हणून त्याने तिथला बीव्हर मुळापासून संपवायचा हुकूम दिला, ओसाड पट्टाच करायचा ठरवला, आणि त्याच वेळी स्वतःच्या सनदेतल्या मुलखात मात्र बीव्हर जपायचे नियम केले. हे सगळं घृणास्पद आहे. पण म्हणून प्रश्न सिम्पसनवर येऊन संपतो का? त्याच्या जागी भला माणूस असता तर काय झालं असतं?

ह्याचं उत्तर कल्पनेने द्यायची गरज नाही, भली माणसं खरंच होती. जॉन मॅक्लॉफ्लिन फोर्ट व्हँकूव्हरचा कारभारी, ओरेगॉनमध्ये आलेल्या उपाशी अमेरिकन वसाहतवाल्यांना त्याने कंपनीच्या धोरणाविरुद्ध जाऊन बियाणं आणि सामान उधार दिलं. माणुसकीच, शंका नाही. पण ती माणुसकी पोचली ती वसाहतवाल्यांपर्यंत, आणि १८४६ला सीमारेषा ठरली तेव्हा तिथल्या मूळ लोकांना कोणी विचारलं नाही. जेम्स डग्लस तर त्याहून वेगळा. दक्षिण अमेरिकेतल्या डेमेरारात जन्म, आई मिश्र वंशाची, बायको अमेलिया कॉनली हिची आई क्री. १८४९ला व्हँकूव्हर बेट राणीने कंपनीला दिलं, खंड वर्षाला ७ शिलिंग, आणि १८५१पासून डग्लस एकाच वेळी कंपनीचा चीफ फॅक्टर, म्हणजे वरिष्ठ अधिकारी, आणि वसाहतीचा गव्हर्नर. त्याने जमिनीबद्दल मूळ लोकांशी बोलणी केली, मोबदला दिला, १८५० ते १८५४मध्ये १४ करार केले. त्या काळात एवढंही फार थोडे करत होते. पण पहिल्या करारांच्या वेळी म्होरक्यांच्या निशाण्या घेतल्या त्या कोऱ्या कागदावर. मजकूर नंतर लंडनहून आला, न्यूझीलंडमधल्या खरेदीखतांच्या नमुन्यावरून, आणि वर लिहिला गेला की जमीन कायमची गोऱ्यांची झाली.

कोरा कागद, खाली निशाण्या, आणि वर मजकूर नंतर. आपल्याकडे सावकारी बघितलेल्या कुठल्याही घरातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही, कोऱ्या कागदावरचा अंगठा काय असतो ते. आणि हे करणारा माणूस क्रूर नव्हता, सासुरवाडीकडून क्री नात्यातला होता. म्हणूनच मी म्हणते की चांगला गव्हर्नर-वाईट गव्हर्नर हा वाद सोडा. (हेही सांगते की त्याच करारातलं शिकारीच्या हक्काचं वाक्य धरून १९६५ला तिथल्या दोघांनी कॅनडाच्या सुप्रीम कोर्टात केस जिंकली. कागद दोन्ही बाजूंनी कापतो, आणि कंपनीची दप्तरं जपली गेली ती आज मूळ लोकांच्या वकिलांना उपयोगी पडतात. तो उपकार नाही पण उपयोग आहे.)

मग येतो नेहमीचा युक्तिवाद, त्या काळाच्या मापाने मोजा, तेव्हा कोणाला हे चूक वाटत नव्हतं. कोणाला म्हणजे नक्की कोणाला? १८४७ला अलेक्झांडर इझबिस्टर, स्वतः मेटी, म्हणजे युरोपीय आणि मूळ लोकांच्या मिश्र वंशाचा, लंडनमध्ये कंपनीविरुद्ध अर्ज घेऊन सरकारच्या दारात उभा होता. १८४९ला कंपनीच्या मुलखातल्या रेड रिव्हर वसाहतीत गियोम सेयर ह्या मेटी व्यापाऱ्यावर बेकायदा फर विकल्याचा खटला चालला तेव्हा शेकडो मेटी बंदुका घेऊन कोर्टाबाहेर जमले, तो दोषी ठरला पण शिक्षा काहीच झाली नाही आणि लोक ओरडत बाहेर पडले की व्यापार मोकळा झाला. १८५७ला तर ब्रिटिश पार्लमेंटची कमिटीच बसली कंपनीची चौकशी करायला. सिम्पसनने तिथे साक्ष दिली की ही जमीन वस्तीच्या लायकीची नाही, आणि कमिटीतल्या सभासदांनी त्याच्याच प्रवासवर्णनातली त्या जमिनीची तारीफ त्याला वाचून दाखवली. तेच १८५७ साल, तीच लंडन, त्याच उन्हाळ्यात मेरठ-दिल्लीच्या बातम्या येत होत्या. चार्ल्सने मोठ्या केलेल्या दोन कंपन्या एकाच वर्षी जाबाला उभ्या होत्या. तेव्हा "कोणालाच कळत नव्हतं" हे मला पटत नाही. ज्यांना सोसावं लागत होतं त्यांना कळत होतं आणि ज्यांना ऐकायचं होतं त्यांनाही कळत होतं.

आणि शेवट दोघींचा कसा झाला तेही बघा. ईस्ट इंडिया कंपनीचं राज्य गेलं पण शेअरहोल्डरांचा साडेदहा टक्के डिव्हिडंड भारताच्या महसुलातून १८७४पर्यंत चालू राहिला, म्हणजे ज्यांच्यावर राज्य केलं त्यांनीच मालकाचं पेन्शन भरलं. हडसन्स बे कंपनीने १८६९ला रुपर्ट्स लँडवरचा हक्क सोडला, १८७०च्या जुलैमध्ये मुलूख कॅनडाच्या ताब्यात गेला. कंपनीला मिळाले ३ लाख पौंड रोख, वखारींच्या भोवतालची जमीन, आणि सुपीक पट्ट्याचा विसावा हिस्सा, म्हणजे साधारण ७० लाख एकर. तिथे राहणाऱ्या क्री, सोल्टो (आणखी एक मूळ जमात), मेटी कोणालाही विचारलं नाही, म्हणून तर मेटींचा नेता लुई रिएल विरोधात उभा राहिला आणि मॅनिटोबा प्रांत जन्माला आला. फर संपत आली होती, टोप्या रेशमाच्या झाल्या होत्या, पण कंपनी पुढे दीडशे वर्षं जगली ती ह्या जमिनीच्या पैशावर पाय रोवून. आपण ज्याला दुकानाचा इतिहास म्हणतो त्याचा पाया तिथे आहे.

१८७४च्या सप्टेंबरमध्ये ह्याच मुलखातल्या क्यू'अपेल ह्या ठिकाणी कॅनडाचे सरकारी प्रतिनिधी करार करायला आले तेव्हा सोल्टो लोक दिवसचे दिवस मूळ विषयावर बोलायलाच तयार होईनात, कारण कंपनीचा प्रश्न आधी सोडवा असं त्यांचं म्हणणं. आमच्या जमिनीवर दुसऱ्याने मोजणी केली, आम्हाला न विचारता विकली. पास्क्वा नावाच्या म्होरक्याने समोर बसलेल्या कंपनीच्या अधिकाऱ्याकडे बोट दाखवून म्हटलं, तुम्ही तुमची जमीन ३ लाख पौंडांना विकलीत असं सांगता, ते पैसे आम्हाला हवेत. ह्याच्यापेक्षा नेमका युक्तिवाद मी ह्या सगळ्या वादात कुठे वाचलेला नाही. त्याने सिम्पसनला शिव्या दिल्या नाहीत, भाव कमी दिलात म्हणाला नाही. विकणारा मालक नव्हता, मालक मी, पैसे इकडे द्या. दिवाणी दाव्याची भाषा आहे ती.

जेवणानंतर काका आतून त्यांचं ब्लँकेट घेऊन आले. साईचा रंग, हिरवा-तांबडा-पिवळा-निळा पट्टा, आणि कडेला विणलेल्या चार आखूड काळसर रेघा. ते म्हणाले, "ह्या रेघा बघ, एक रेघ म्हणजे एक बीव्हर, तेवढी कातडी द्यायची." हे इथे बरेच जण सांगतात, पण खरं तसं नाही, त्या रेघांवरून ब्लँकेटचं माप कळतं, घडी न उलगडता. मी ते सांगितलं, आणि मग पास्क्वाचं सांगितलं, आणि हेही सांगितलं की कंपनी बुडाल्यावर ती १६७०ची मूळ सनद विकायला निघाली, दोन श्रीमंत घराण्यांनी मिळून १ कोटी ८० लाख डॉलरला घेतली आणि संग्रहालयांना दिली. घेणाऱ्यांनी चांगलं केलं, कागद लोकांसाठी राहिला. पण पैसे गेले ते कंपनी ज्यांचं देणं लागत होती त्यांच्या खात्यात. एकाच कागदाची दोनदा किंमत आली, १८६९ला आणि आता, आणि दोन्ही वेळा जमिनीची माणसं रांगेत नव्हती. ज्या संग्रहालयात ती सनद काचेखाली लागेल तिथे तिच्या शेजारी पास्क्वाचं वाक्य तेवढ्याच मोठ्या अक्षरात लागलं पाहिजे, एवढं माझं मागणं आहे, आणि ते मी त्यांना लिहून कळवणार आहे.

काका बराच वेळ ब्लँकेटच्या कडेवरून बोट फिरवत होते. मग म्हणाले, "मिळाले का गं त्याला ते पैसे?"

नाही मिळाले. त्या करारात माणशी वर्षाला ५ डॉलर ठरले. त्यांच्या वंशजांना आजही वर्षाला ५ डॉलरच मिळतात.